इतर हक्कात एक नोंद

माझी सगळी नोकरी ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात झाली. हेल्थ फिजिक्समध्ये, म्हणजे किरणोत्सर्गाच्या जागी काम करणारी माणसं सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहणाऱ्या विभागात. सुरुवातीची वर्षं चालत्या प्रयोगशाळांमध्ये गेली. नंतरची बरीचशी बंद झालेल्या जागा रिकाम्या करण्यात, मोडण्यात आणि त्यांच्याखालची माती तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर लोणावळ्याजवळ भुशीला राहायला आलो. इथे कुणी विचारलं तर सांगतो, जुन्या जागा साफ करायचो. तेवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण त्या कामाबद्दल मराठीत लिहिलेलं माझ्या फारसं वाचनात आलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. मी काम केलं त्या इमारतींची नावं देणार नाही. तो अधिकार माझा नाही, आणि जे सांगायचं आहे त्याला नावांची गरजही नाही.

अणुभट्ट्या उभ्या राहिल्याचा इतिहास आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतो. ४ ऑगस्ट १९५६ला अप्सरा सुरू झाली आणि नेहरूंनी तिचं नाव ठेवलं. १९६०ला सायरस आली, १९६१ला झर्लिना. त्या बंद केव्हा झाल्या, हे मात्र विचारून पाहा. झर्लिना १९८३मध्ये थांबली. अप्सरा २००९मध्ये, सायरस ३१ डिसेंबर २०१०ला. अप्सरेचं नाव पुढे नेणारी अप्सरा-यू सप्टेंबर २०१८मध्ये सुरू झाली तेव्हा बातम्या आल्या, पण मधल्या काळात जुन्या भट्टीचं काय केलं हे विचारणारं कुणी मला भेटलं नाही. त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, ट्रॉम्बेचा प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना क्षमता वाढवण्यासाठी बंद ठेवला होता. जुनी यंत्रं काढून, धुऊन, आतल्या खोल्या माणसाला शिरता येतील इतक्या स्वच्छ कराव्या लागल्या. मी लागलो तेव्हा त्या कामावरचे सीनियर अजून नोकरीत होते. ते कारखाना बांधल्याच्या गोष्टी सांगत नसत, तो उघडल्याच्या सांगत. त्यांच्या बोलण्यातून मला पहिल्यांदा कळलं की बांधणाऱ्याला नकाशा मिळतो आणि मोडणाऱ्याला तो पुन्हा शोधावा लागतो.

मोडकामातला बहुतेक वेळ हातोड्यात जात नाही, मीटरमध्ये जातो. जुन्या प्रयोगशाळेची एक भिंत घ्या. तिच्यावर अल्फा कण सोडणारं काही चिकटलं आहे का, हे पाहायचं. अल्फा कण फार दुबळा, एक कागद मध्ये आला तरी अडतो. म्हणून मीटरचं तोंड भिंतीपासून जेमतेम बोटभर अंतरावर धरायचं आणि सेकंदाला काही सेंटीमीटर एवढ्याच गतीनं सरकवायचं. हात थरथरला आणि जाळी भिंतीला घासली तर मीटरच खराब. पावसाळ्यात ट्रॉम्बेच्या भिंतींना ओल येते. त्या ओलीचा पातळसा पापुद्राही अल्फा अडवतो, आणि मीटर शून्य दाखवतो. ते शून्य खरं नसतं. भिंत कोरडी करून पुन्हा मोजायचं. रंगाचंही तसंच. पूर्वी एखादा डाग धुऊन निघत नसला की त्यावर रंग मारून तो जागच्या जागी बांधून टाकण्याची पद्धत होती. त्या काळापुरती ती योग्यही होती, कारण धूळ उडत नसे. पण पुढे पंचवीस-तीस वर्षांनी येणाऱ्याला रंगाचे चार थर दिसतात आणि त्यातल्या कुठल्या थराखाली काय आहे ते दिसत नाही. मग खरवडायचं, खरवड पिशवीत भरायची, पिशवीवर चिठ्ठी लावायची, पुन्हा मोजायचं.

एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पाडलेल्या इमारतीतला बहुतेक माल स्वच्छच निघतो. विटा, पत्रे, खिडक्या, टेबलं, यांना काही झालेलं नसतं. पण 'काही झालेलं नाही' हे प्रत्येक वस्तूबद्दल दाखवून द्यावं लागतं, आणि त्यातच महिने जातात. दूषित वस्तू सोपी असते, ती मीटरवर ओरडते. गप्प वस्तूवर सही करताना हात जड होतो, कारण ती सही झाली की ती वस्तू गेटाबाहेर जाणार, कुणाच्या तरी घरी लागणार.

अशाच एका इमारतीत सांडपाण्याची जुनी लाइन सापडेना. नकाशात एक होती, प्रत्यक्षात सिंकखालून दोन तोंडं निघत होती. दुसरी कुठे जाते हे कागदावर कुठेच नव्हतं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मामांना विचारा. मामा म्हणजे त्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आयुष्य काढलेले, केव्हाच निवृत्त झालेले, चेंबूरला मुलाकडे राहणारे गृहस्थ. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. चहा झाल्यावर मी नकाशा पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीनं स्वतःच रेघ काढली. "हितून जात होती. मागं चाफ्याचं झाड आहे का अजून? त्याच्या अलीकडं चेंबर. एका पावसाळ्यात तुंबलं होतं, तेव्हा आम्हीच उघडलं होतं."

चाफा नव्हता. त्याचा बुंधा होता. चेंबर त्याच्या अलीकडेच निघालं, आणि चेंबरभोवतीच्या मातीत आमच्या मीटरनं पहिल्यांदा आवाज केला. मामांचं ते कॅलेंडरचं पान आम्ही रीतसर फाइलला लावलं. त्या पानाआधी त्या चेंबरचा पत्ता सांगू शकणारा एकच माणूस जिवंत होता. हा विचार त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मोडकामावर आमच्याबरोबर कंत्राटी कामगार असत. मानखुर्द, गोवंडी, चिता कॅम्प अशा जवळच्या वस्त्यांमधले. प्लॅस्टिकचा सूट घालून, बाहेरून नळीनं आलेल्या हवेवर श्वास घेत, ट्रॉम्बेच्या मे महिन्यात काँक्रीट फोडणं काय असतं ते त्यांनाच विचारावं. प्रत्येकाच्या छातीला टीएलडी बिल्ला असे. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन छोट्या चकत्या असतात. त्या मिळालेला डोस साठवून ठेवतात आणि पुढे प्रयोगशाळेत तापवल्या की त्यातून निघणाऱ्या उजेडावरून तो मोजता येतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३०पेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. सर्वसामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ आहे. हे सगळं मी एकदा नव्या तुकडीला सांगत होतो. एका पोरानं बिल्ल्यावर हात ठेवून विचारलं, "साहेब, हा लावला की बाधत नाय ना?"

मी म्हटलं, "हा काही अडवत नाही. किती लागलं ते मोजतो फक्त."

तो थोडा वेळ बिल्ल्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मग माझा आकडा मला कोण सांगणार?"

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक कामावर मी एक रीत ठेवली. रिपोर्ट आला की ज्याचा आकडा त्याला, मराठीत किंवा हिंदीत, समोर बसवून वाचून दाखवायचा. मर्यादा किती, तुझा किती, गेल्या वेळी किती होता. वेळ जायचा, वरून विचारणाही व्हायची. पण स्वतःचा आकडा माहीत असलेला कामगार रबर स्टेशनवर, म्हणजे आतला आणि बाहेरचा भाग वेगळा करणाऱ्या अडसरापाशी, बूट बदलायला कधी विसरत नाही. नियम पाटीवर लिहिल्यानं जे होत नाही, ते आकडा सांगितल्यानं झालं.

भिंतीपेक्षा माती अवघड. का, ते माझ्या घराजवळच्या एका उदाहरणानं सांगतो. भुशीच्या धरणाच्या रस्त्यानं पुढे गेलं की नौदलाची आयएनएस शिवाजी लागते. तिथे नौदलाची अणू, जैविक आणि रासायनिक हल्ल्यापासून बचाव शिकवणारी शाळा आहे, आणि २०१९मध्ये तिथे 'अभेद्य' नावाची सरावाची खास इमारत सुरू झाली. युद्धनौकेवर किरणोत्सारी धूळ पडली तर डेकवर समुद्राचं पाणी फवारून ती धुऊन काढायची सोय असते. पोलादी डेक धुता येतो, पाणी समुद्रात जातं, जहाज पुढे निघून जातं. जमिनीला यातलं काहीच करता येत नाही. मातीवर पाणी मारलं तर जे वर आहे ते खाली जातं, किंवा उताराला जातं. सीझियम चिकणमातीच्या पापुद्र्यांत असं घट्ट बसतं की पाणी त्याला सहजी सोडवू शकत नाही. ते मातीच्या कणाबरोबरच हलतं. स्ट्रॉन्शियम त्या मानानं सुटं असतं, पाण्याबरोबर उतरतं. म्हणून एकाच जागी सीझियमसाठी वरची माती पाहायची आणि स्ट्रॉन्शियमसाठी विहीर.

त्या चेंबरभोवतीच्या जागेवर आम्ही दोरीनं चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीतून ठरावीक खोलीपर्यंतची माती नळीनं काढायची, वाळवायची, चाळायची, डबीत बंद करायची. रेडियमसाठी मोजायचं असेल तर डबी महिनाभर तशीच सीलबंद ठेवायची, म्हणजे त्याच्यापासून होणारी पुढची मूलद्रव्यं आत समतोलाला येतात. मग द्रव नायट्रोजननं थंड ठेवलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरवर ती ठेवायची. सीझियम-१३७ असेल तर ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला एक सुळका उभा राहतो. पडद्यावर तो सुळका हळूहळू वर येताना पाहणं हा माझ्या नोकरीतला सर्वांत शांत आणि सर्वांत ताणाचा वेळ असे.

मग खरा प्रश्न येतो: ही माती काढायची की ठेवायची? बाहेरच्या माणसाला उत्तर सरळ वाटतं, काढून टाका. पण काढलेली माती नाहीशी होत नाही, ती दुसरीकडे जाते, आणि जाताना फुगते. फुकुशिमाच्या २०११च्या अपघातानंतर जपाननं शेतांवरची, अंगणांमधली वरची काही सेंटीमीटर माती खरवडून काढली. ती साठली सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर. ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत ती तात्पुरती ठेवली आहे आणि २०४५पर्यंत फुकुशिमाबाहेर न्यायचं कायद्यानं ठरलेलं आहे. ती कोणतं गाव घेणार हा प्रश्न आजही जपानसमोर उभा आहे. आपल्याकडे कमी तीव्रतेचा घन कचरा दगडी किंवा काँक्रीटच्या चरांमध्ये, आणि जास्त तीव्रतेचा जमिनीत उभ्या बसवलेल्या नळ्यांमध्ये ठेवतात, त्यांना आम्ही टाइल होल म्हणतो. जागा मोजकीच असते. तिथे चिमूटभर सीझियमसाठी ट्रकभर माती भरली, तर उद्या जे खरंच तिथे जायला हवं त्याला जागा उरत नाही. माझं मत कामावर होतो तेव्हाही हेच होतं: जे हलतं आहे ते काढावं, जे बसलं आहे ते झाकून, कुंपण घालून, आजूबाजूच्या पाण्यावर नजर ठेवून तिथेच राहू द्यावं. मात्र एका अटीवर. ते तिथे आहे, हे पुढच्या माणसाला कळलं पाहिजे.

ही अट साधी वाटते, पण ती मोडल्यामुळे आजवर माणसं मेलीही आहेत. ब्राझीलमधल्या गोइयानियात १९८७मध्ये बंद पडलेल्या एका दवाखान्यात कर्करोगावरच्या उपचाराचं यंत्र तसंच राहिलं होतं. भंगारवाल्यांनी ते उघडलं, आतलं सीझियम अंधारात निळं चमकतं म्हणून घरोघरी वाटलं गेलं. चार जण मेले, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली, घरं पाडून मातीसकट उचलावी लागली. २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत एका विद्यापीठातलं बरीच वर्षं वापरात नसलेलं उपकरण लिलावात गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगाराच्या दुकानातला एक कामगार गेला. आणि त्याआधी, २००८च्या ऑक्टोबरात, फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० निघालं. ती बटणं जुळवणाऱ्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना त्याचा डोस लागला होता. बटणांचं पोलाद भारतातून गेलं होतं, आणि माग काढत काढत तपास खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत आला. खोपोली म्हणजे माझ्या आजच्या घरापासून घाट उतरला की लागणारं गाव. कुठल्याशा भंगारात कुठलासा जुना स्रोत वितळला होता. यातल्या एकाही ठिकाणी अणुभट्टी फुटली नव्हती. एक कागद हरवला होता, किंवा कागद होता आणि वाचणारा नव्हता.

सीझियम-१३७चं अर्धायुष्य तीस वर्षांचं. दर तीस वर्षांनी ते निम्मं होतं, आणि दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे ३०० वर्षांनी, हजारातला एक भाग उरतो. म्हणून असल्या कचऱ्याच्या जागा साधारण ३०० वर्षं सांभाळायचा हिशेब धरतात. प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य २४,१०० वर्षांचं, त्याच्याविषयी मी इथे बोलतच नाही. ३०० वर्षंच घेऊ. ३०० वर्षांपूर्वी मावळात पहिल्या बाजीरावाचा काळ होता. त्या वेळच्या कुठल्या शेतात काय पुरलं, हे आज इथे कुणाला सांगता येईल?

फार मागे जायलाही नको. भुशीचं धरण एकोणिसाव्या शतकात रेल्वेनं बांधलं, घाटात धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं होतं म्हणून. १९३०च्या सुमारास घाटात विजेची इंजिनं आली आणि धरणाचं मूळ काम संपलं. भिंत राहिली. आज पावसाळ्यातल्या रविवारी तिच्या पायऱ्यांवर बसायला हजारो माणसं येतात. त्यांतल्या कितीकांना मी सहज विचारलं आहे, हे कशासाठी बांधलं? कुणी म्हणतं पिण्यासाठी, कुणी म्हणतं विजेसाठी, कुणी म्हणतं फिरायला येणाऱ्यांसाठीच. दीडशे वर्षांत, म्हणजे सीझियमच्या जेमतेम पाच अर्धायुष्यांत, एका निरुपद्रवी धरणाची आठवण एवढी पुसली गेली. आणि पाट्यांचं म्हणाल, तर जून २०२४च्या अखेरीस धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पाण्याचा धोका डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, तरी असं होतं. ज्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही, त्याची राखण नुसत्या पाटीवर कशी सोडायची?

इथल्या दगडात मुळात किरणोत्सर्ग कमी आहे, बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम फारसं नसतं. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत मीटर धरला तर तो इथल्या कित्येक पट दाखवेल. तरीही भुशी अगदी कोरी नाही, जगातली कुठलीच जागा नाही. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिका आणि सोव्हिएत संघानं हवेत जे अणुस्फोट केले, त्यांचं सीझियम पावसाबरोबर जगभर उतरलं. जिथे पाऊस जास्त तिथे ते जास्त उतरलं. १९६३ हे त्याचं सर्वांत मोठं वर्ष. तलावांच्या तळातला गाळ किती वर्षांत किती साठला, हे शास्त्रज्ञ त्या १९६३च्या थरावरून ओळखतात. भुशीच्या धरणात जिथे गाळ उपसला गेला नसेल, तिथे तो थर असणारच, आता पाव भागावर आलेला आणि कुणाला अपाय न करणारा. मातीनं ती नोंद ठेवली आहे. पण ती वाचायला जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो, आणि तो काही प्रत्येक जमीन घेणाऱ्याकडे नसतो.

शेजारचा एक तरुण जमिनींच्या व्यवहारात आहे. एका संध्याकाळी माझ्याकडून हे सगळं ऐकून त्यानं विचारलं, "काका, पण उद्या असली जागा विकायला निघाली तर मला कुठे दिसणार? मी तर सातबाराच बघणार."

त्यानं अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. आज अणुऊर्जा खात्याच्या जागा कुंपणाआड आहेत, त्यांच्यावर पहारा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३पासून आहे, किरणोत्सारी कचऱ्याचे नियम १९८७पासून आहेत. अणुवीज केंद्रं मोडण्याचा पुढचा खर्च निघावा म्हणून विजेच्या दर युनिटमागे २ पैसे बाजूला काढले जातात. तारापूरच्या १९६९च्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांची पाळी पुढे येणारच आहे. पैशाची तजवीज आहे, तंत्र आहे, शिकलेली माणसं आहेत. पण खाती बदलतात, नावं बदलतात, फाइली एका इमारतीतून दुसरीत जातात. महाराष्ट्रात जमिनीचा जो कागद पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, जो शेतकरी पेटीत जपतो आणि तलाठी दर वेळी पुढच्या पानावर उतरवत आला, तो सातबाऱ्यातला गाव नमुना सातच. आपल्याकडे जमिनीची ताकीद दगडावर कोरून ठेवण्याची रीतही जुनी आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४चा, म्हणजे १०१२चा गधेगाळ, असाच ताकीद कोरलेला दगड, हजार वर्षं टिकला. पण मधल्या काळात त्यावर काय लिहिलं आहे ते वाचणारं गावात कुणी उरलं नव्हतं. दगड टिकतो, वाचणारे तुटतात. सातबारा मात्र दर पिढी नव्यानं लिहिते, आणि लिहिताना वाचते.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. ज्या जमिनीत किरणोत्सारी कचरा ठेवला आहे, किंवा मोजून, झाकून, सोडून दिलेली दूषित माती आहे, तिच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद व्हावी, साध्या मराठीत, फेरफार क्रमांकासह, आणि तिच्याजवळ कोणत्या कार्यालयात कोणती फाइल पाहावी हेही लिहावं. आज ती जागा सरकारची असली तरी व्हावी. महसूल खात्यात, नियामक मंडळात, अणुऊर्जा खात्यात जे कुणी हे वाचत असतील त्यांनी हा विषय पुढे न्यावा. आणि जे भंगाराच्या, ओतकामाच्या, जुन्या दवाखान्यांच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळांच्या कामात आहेत त्यांना एक सांगतो. आकाराच्या मानानं फार जड लागणारी, शिसं भरलेली, तीन पाकळ्यांचं चिन्ह असलेली किंवा ते खरवडून काढलेली वस्तू दिसली तर ती कापू नका, उघडू नका, घरी नेऊ नका. लांब व्हा, माणसांना लांब ठेवा आणि पोलिसांना कळवा.